रक्तातला विळा



चिखलदऱ्याची थंडी तुम्हाला सांगायला नको. थंडी पडली की काही घरांत लेकरू रडू लागते. हातपाय ठणकतात. सांधे सुजतात. कुणी म्हणते, नजर लागली. कुणी म्हणते, बाहेरचे आहे. खरे कारण रक्तात असू शकते. ते कसे, हे आज पाहू.

घर विटांचे बनते. तसे आपले शरीर पेशींचे बनले आहे. पण ही वीट जिवंत असते. ती फार बारीक असते. मोहरीच्या बारीक दाण्याएवढ्या रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात!

पेशींचा अभ्यास करणे हेच काही शास्त्रज्ञांचे काम. ते काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरतात. तो वाळवतात. त्याला रंग देतात, म्हणजे पेशी उठून दिसतात. मग सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहतात. पेशी मोजतात, निरोगी पेशीशी ताडून पाहतात, वहीत लिहितात. शंका आली की पुन्हा पहिल्यापासून! निंदणीसारखे हे चिकाटीचे काम आहे.

आपल्या महाराष्ट्रात कमलताई रणदिवे अशा शास्त्रज्ञ होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्या काचेच्या भांड्यात पेशी वाढवत. पेशींना ऊब द्यायची, अन्न द्यायचे, लेकरासारखे जपायचे. कर्करोग कसा होतो, याचा त्या शोध घेत. पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या आहाराची पाहणीही केली.

आता विळ्याची गोष्ट. निरोगी तांबडी पेशी गोल आणि मऊ असते. बारीक नसेतूनही ती सहज जाते. काहींच्या रक्तात ती वाकते, विळ्यासारखी कडक होते. मग ती नसेत अडकते आणि अंग ठणकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडते. थंडीने, ताप आल्याने, पाणी कमी प्याल्याने दुखणे वाढते.

१९१० साली अमेरिकेतल्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी अशा पेशींची हकिगत छापली. १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी आपल्या मध्य भारताकडची माहिती छापली. हाच तो सिकलसेल. तो एका जातीचा नाही. कोरकू घरांत आढळतो, वऱ्हाडातल्या इतर समाजांतही आढळतो.

हा आजार शिवल्याने होत नाही. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. एकाकडूनच दोष आला, तर माणूस बहुधा धडधाकट राहतो. त्याला वाहक म्हणतात. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर? प्रत्येक बाळंतपणात चारांत एक वेळा बाळाला आजार होण्याचा संभव असतो. मग एकट्या सुनेला बोल का लावायचा?

तपासणी सोपी आहे. बोटाला सुई टोचतात. थेंब औषधाच्या पाण्यात टाकतात. पाणी गढूळ राहिले, तर पुढची तपासणी करतात. २०२३ साली सरकारने यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आजार निघाला तरी घाबरू नका. दुखणे कमी करणारी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. भरपूर पाणी प्या. लेकराला उबेत ठेवा.

सोयरीक जमवताना आपण कूळ विचारतो, घर विचारतो. आता रक्ताचा कागदही विचारू या. मुलीचा विचारू, तसा मुलाचाही विचारू.

विळा शेतात शोभतो. लेकरांच्या रक्तात तो नको!