मिरगाआधी यादी, आणि यादी तरुणांच्या हाती

(मंडळाच्या सभेत युवक विभागातर्फे केलेले भाषण)



आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत. अतिवृष्टीत शेतकऱ्याच्या मदतीला आधी कोण पोहोचते आणि ती मदत कोणाच्या नावावर लागते, हा तो विषय.

आपल्या तालुक्याला पुराची ओळख करून द्यायला नको. काळी नदी इथेच डिग्गीजवळ उगम पावते. सुपा धरणाखाली जुने सुपे गाव गेले, विस्थापित कुटुंबे रामनगरला वसली. ऑगस्ट 2019 मध्ये कद्राचे दरवाजे उघडले तेव्हा कारवार तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. जुलै 2021 मध्ये यल्लापूर तालुक्यातील कळचे येथे डोंगर खचला. 16 जुलै 2024 रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून माणसे गेली. तिन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यातली.

अशा वेळी सरकारी पथक येते, पण वाटेत झाड पडलेले असते, मोरी वाहून गेलेली असते. जंगलातल्या दहा-बारा घरांच्या वाड्यावर पहिल्या दिवशी पोहोचतो तो शेजारचा पोरगाच. 2018 साली आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरचे गिर्यारोहक तरुण दोर बांधून खाली उतरले. त्याच वर्षी केरळच्या पुरात कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून नेल्या आणि माणसे वाचवली. त्यांना वाट ठाऊक होती, पाणी ठाऊक होते. आपल्या रानाची वाट कुणब्याच्या, गवळ्याच्या आणि सिद्दीच्या मुलाला ठाऊक आहे.

पण जीव वाचवणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे कागदाचे आहे, आणि गरीब शेतकरी तिथेच बुडतो. केंद्राच्या 2022 च्या निकषांप्रमाणे पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेले तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये ठरले, तेही 2 हेक्टरपर्यंत. कर्नाटकात ही नोंद ‘परिहार’ या संगणक प्रणालीत जमिनीच्या उताऱ्याशी जोडून होते. घर पडले तर ते अधिकृत असल्याचा दाखला लागतो. आता सांगा, पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या कुणब्याकडे उतारा कुठून येणार? भात त्याचे कुजते, पण नोंद होते ती ज्याच्याकडे उतारा आहे त्याची.

या सभेत बसलेल्या बहुतेक घरांत उतारे आहेत. म्हणूनच हे बोलणे इथे करायचे. गोव्यातील कुणब्यांना 2003 साली अनुसूचित जमातीत घेतले गेले. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील सिद्दींनाही तो दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडचा कुणबी मात्र बाहेर राहिला. त्यामुळे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्याला 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांकडे शाळेचा दाखलाही नव्हता, ते पुरावा कुठून आणणार? हा पुरावा जुन्या घरांच्या आठवणीत आणि ट्रंकेतल्या जुन्या कागदांत सापडू शकतो. वडीलधाऱ्यांची साक्षही कायद्याला चालते.

तेव्हा मंडळाकडे आमच्या चार मागण्या आहेत.

पहिली, आपत्ती समिती स्थापावी. तिच्यात प्रत्येक वाड्यावरचा एक मुलगा आणि एक मुलगी असावी. ठरवणारे तेच असावेत, आपण त्यांना साधने पुरवावीत. मंडळाची खोली, ट्रॅक्टर, दोर, ताडपत्री, बॅटऱ्या त्यांच्या हुकमी असाव्यात.

दुसरी, मिरगाआधी वाडावार यादी व्हावी: गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, गुरे, कच्ची घरे, खचणारे उतार. 1077 हा जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक घराघरात लिहिलेला असावा.

तिसरी, नुकसान होताच फोटो घ्यावा, पंचनाम्याला समितीचे कोणीतरी हजर असावे आणि अर्ज कानडीत लिहावा. कचेरीचे कागद कानडीत असतात आणि वाड्यावरच्या म्हाताऱ्याला ते वाचता येत नाहीत. आमच्या पिढीला दोन्ही भाषा येतात. मराठीचा अभिमान आम्हाला आहेच, पण अर्ज कानडीत लिहून शेजाऱ्याचे पैसे मिळत असतील तर त्यात मराठीचे काहीही कमी होत नाही.

चौथी, मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. ओळखीने आलेले नाव तिथेच गळेल आणि राहिलेले नाव तिथेच जोडले जाईल. वनहक्काचे दावेही ग्रामसभेतूनच पुढे जावेत.

“मुलांच्या हाती एवढे दिले तर राजकारण शिरेल” असे कोणी म्हणेल. शिरेलच. पंचायतीची निवडणूक आली की सारे पक्ष वाड्यावर जातात. तिथले तरुण हिशेब मागायला शिकले, तर मत मागणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. यात वाईट काय?

आपल्या वाडवडिलांनी या मुलखात शेजारधर्म पाळून घरे उभी केली. तोच धर्म आता उताऱ्याविना असलेल्या शेजाऱ्यापर्यंत न्यायचा आहे. समितीचा ठराव याच सभेत मंजूर व्हावा, अशी विनंती करून आम्ही आमचे मनोगत थांबवतो.

जय हिंद!