खाचरांतील धडा
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मशिक्षण-वर्गाच्या शिक्षकांतर्फे केलेलें भाषण)



आम्हां शिक्षकांनीं या प्रसंगीं मुलांच्या प्रगतीविषयीं दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. त्याऐवजीं आम्ही आमच्याच एका फजितीची हकीकत निवेदन करितों.

प्रभूच्या प्रार्थनेंत आपण रोजच्या भाकरीची याचना करितों. मावळांत ती भाकर म्हणजे बहुधा भातच. तो पिकतो कसा, हें मुलांस समजावें म्हणून एका रविवारीं आम्ही फळ्यावर खाचरांत भात पेरणाऱ्या शेतकऱ्याचें चित्र काढिलें. मागच्या बाकावरून एक मुलगा पुटपुटला, "खाचरांत पेरत नाहींत, आवणी करतात." अधिक विचारितांच तो खालीं पाहूं लागला. आपल्या घरीं भातशेती आहे, हें त्यानें दोन वर्षें वर्गांत कोणास कळूं दिलें नव्हतें. बंगल्यांतून येणाऱ्या मुलांत बसतांना त्यास त्याची लाज वाटे. ती लाज आमच्याच शिकवणुकीनें तर लाविली नसेल ना, या विचारानें आम्ही अस्वस्थ झालों.

पुढें आषाढांत, त्याच्या वडिलांच्या संमतीनें, सारा वर्ग खाचरांत उतरला. शेण व पालापाचोळा पसरून राबाची जमीन उन्हाळ्यांतच भाजलेली होती. तीवर वाढलेलीं रोपें कशीं उपटावीं, त्यांच्या मुठी कशा बांधाव्या, चिखलणी झालेल्या वाफ्यांत एकेका चुडांत दोन-तीन रोपें कशीं लावावीं, हें त्या मुलानेंच सर्वांस शिकविलें. पाऊस डोक्यावर होताच. लोणावळ्यास तो वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. आम्हीं लाविलेलीं रोपें फार खोल गेलीं. त्याच्या आईनें तीं हंसत हंसत पुन्हां लाविलीं.

पुस्तकी ज्ञानही अगदींच निरुपयोगी ठरलें नाहीं. त्यांच्या खाचरांतील 'इंद्रायणी' वाण आपल्याच तालुक्यांत, वडगांवच्या कृषि संशोधन केंद्रांत, आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून निपजला व १९८७ सालीं प्रसारित झाला, हें त्यास ठाऊक नव्हतें. तें ऐकून तो प्रथमच मान वर करून पाहूं लागला. शाळेंत शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें, शाळांस लहान नमुन्याचीं शेतें जोडावीं, असें महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडिलें होतें. पुण्याहून मावळ तें किती लांब! तरी ती गोष्ट आमच्या ध्यानीं यावयास एवढा काळ लोटला.

कापणीस वर्ग पुन्हां गेला. डोक्यावर भारा घेतांना त्या मुलानें मित्रांस स्वतः हांक मारिली. बांधापलीकडील जमिनीवर मात्र तोंवर प्लॉट-विक्रीची पाटी लागली होती. त्याच्या वडिलांकडेही विचारणा झाली आहे. त्यांनीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. विकूं नका, असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. संसार त्यांस चालवावयाचा आहे.

तथापि येत्या आषाढांत वर्गास आवणीसाठीं जावयाचें आहे. ज्यांचीं खाचरें असतील त्यांनीं एक वाफा आमच्यासाठीं राखून ठेवावा. इरलीं गेल्या खेपेस कमी पडलीं. कोणाच्या माळ्यावर जुनीं असल्यास तीं कृपा करून पाठवावीं.