लॅपटॉपला स्वतःचं सिम हवं का?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या कट्ट्यावर गुडघेदुखी झाली, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बागही झाली. सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेवर बोला." म्हटलं, बँकेवर जन्मभर बोललो, आज लॅपटॉपवर बोलतो. शेवटी गाडी बँकेतच येऊन थांबेल, काळजी नसावी.

प्रश्न साधा आहे. मोबाईलमध्ये सिम असतं, म्हणून तो रिक्षात, गावी, कुठेही नेटला जोडलेला असतो. लॅपटॉपला मात्र घरचं वायफाय लागतं, नाहीतर मोबाईलचा हॉटस्पॉट. मग लॅपटॉपमध्येच सिमची सोय का नसावी?

थोडं मागे जाऊ. आपल्या देशात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते लँडलाईनवरून चालायचं. नेट सुरू असलं की फोन एंगेज, आणि मग घरोघरी वादावादी! एक तार आणि कामं दोन.

आजचा हॉटस्पॉट म्हणजे तोच प्रकार. एकाच फोनवर बोलणं, ओटीपी, यूपीआय आणि वर लॅपटॉपचं नेट. फोन तापतो, बॅटरी उतरते. बॅटरी संपली की नेट गेलं आणि ओटीपीही गेला. शिवाय ज्याचा फोन, तो घराबाहेर पडला की नेटही त्याच्याबरोबर बाहेर पडतं. आपल्याच इमारतीत अशी घरं आहेत, जिथे दिवसभर आजी-आजोबा दोघंच असतात. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असो की पेन्शनचं स्टेटमेंट बघायचं असो, मुलगा संध्याकाळी येईपर्यंत थांबायचं. पैसे असून केवळ सोय नाही म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. माझ्या दृष्टीने या विषयातली खरी बाब ही आहे.

आता गंमत बघा. गेटबाहेर भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर "रुपये प्राप्त हुए" म्हणणारा छोटा डबा असतो ना, त्याच्या पोटात स्वतःचं सिम असतं. मावशींचा फोन घरी राहिला तरी डबा बोलतो. दुकानातल्या कार्ड स्वाईप मशीनमध्येही बहुधा सिम असतं. मग साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये का नाही?

काही लॅपटॉपमध्ये मिळतं. थिंकपॅड, एलिटबुक अशा ऑफिसच्या मालिकांत जादा पैसे भरून ही सोय घेता येते. अ‍ॅपलने आयपॅडमध्ये २०१० पासूनच सिमची आवृत्ती दिली, पण मॅकबुकमध्ये आजवर दिलेली नाही. आयपॅडच्या साध्या आणि सिमच्या आवृत्तीत आपल्याकडे साधारण १५ हजारांचा फरक पडतो. मोडेम, अँटेना, पेटंटची रॉयल्टी, चाचण्या, सगळं त्यात आलं. वर दरमहा दुसरा रिचार्ज.

दुसरी अडचण म्हणजे तंत्र जुनं होतं. किंडल नावाचं पुस्तक वाचायचं यंत्र आहे. त्याच्या जुन्या मॉडेलांत थ्रीजी बसवलेलं होतं. अमेरिकेत कंपन्यांनी थ्रीजी बंद करायला घेतलं आणि २०२१ च्या अखेरीपासून त्या यंत्रांचं थेट नेट गेलं. यंत्र धडधाकट, पण नेट नाही. आपल्याकडे फाईव्हजी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. आपण लॅपटॉप आठ-आठ वर्षं वापरणारी माणसं, तेव्हा याचा विचार हवा.

आणि सिम म्हणजे जादू नव्हे. कर्जत-लोणावळ्याच्या बोगद्यांत फोनची रेंज जाते तशी लॅपटॉपचीही जाणारच. हं, एक फायदा मान्य करू. वीज गेली की घरचा राऊटर झोपतो, सिमवाला लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो.

कर्जाचा अर्ज बघताना आम्ही तीन गोष्टी बघायचो: गरज, खर्च, जोखीम. तोच हिशोब इथे लावतो. ऑडिटला गावोगाव फिरणारा सीए, विम्याचा सर्व्हेअर, गोपनीय कागद घेऊन हिंडणारा वकील, यांनी ही सोय जरूर घ्यावी. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या फुकट वायफायवर असली कामं करण्यापेक्षा ते बरं. म्हणून कंपन्यांनी प्रत्येक लॅपटॉपात निदान जागा आणि अँटेना द्यावी, मोडेम ज्याला हवा त्याने बसवावा. आज बऱ्याच मॉडेलांत कारखान्यातूनच अँटेना आली नसेल तर नंतर काही करता येत नाही. ही सक्तीची बाब नसावी, पण ज्याला हवी त्याला ती मिळायला हवी.

घरी बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र त्यासाठी पंधरा हजार घालू नयेत. घरात स्वतःचं ब्रॉडबँड घ्या आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा. अडीअडचणीला कपाटात पडलेला जुना स्मार्टफोन काढा, त्यात दुसरं सिम घाला आणि त्याचा हॉटस्पॉट घरातच ठेवा. रोजच्या फोनला हात लावायला नको आणि मुलाची वाट बघायलाही नको.

आता बँक! जादा सिम घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सिम स्वतःच्याच नावावर घ्या. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर बघता येतं. दोन, तो नंबर बँक खात्याला जोडू नका. तीन, रिचार्ज विसरू नका. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. तोच नंबर खात्याला जोडलेला असेल तर तुमचे ओटीपी कुणाच्या हातात पडतील, विचार करा.

जुने फोन ज्यांच्याकडे पडून असतील त्यांनी शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात घेऊन यावेत, चार्जर विसरू नये. हॉटस्पॉट सुरू करून देतो, पासवर्डही मोठ्या अक्षरात लिहून देतो. तो मात्र फ्रिजवर चिकटवू नका!