आपल्या उन्हापावसाला साजेसे सभागृह

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक येतात, कीर्तनकार येतात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या उपयंत्र्याला उभे केले, त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. मंडळाच्या जागेवर सभागृह बांधायचे ठरले आहे, नकाशा आला आहे, वर्गणीही जमू लागली आहे. "तू सिव्हिलचा माणूस, चार शब्द बोल," असा आदेश झाला. मी शासकीय सेवेत आहे, पण आज बोलतो ते विभागाचे मत नव्हे, मंडळाच्या एका सभासदाचे आहे.

आजकाल 'ग्रीन बिल्डिंग' हा शब्द फार ऐकू येतो. ऐकला की डोळ्यासमोर पुण्या-मुंबईची काचेची इमारत येते, वर सौर पॅनल, खाली कारंजे. आपल्याकडे त्याची गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पावसाळ्यात साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि डिसेंबरात पहाटे शेकोटी लागते. या तीन गोष्टींना तोंड देणारी, विजेचे बिल न वाढवणारी आणि दुरुस्तीला गावातलाच मिस्त्री पुरेल अशी इमारत, एवढाच माझ्या लेखी पर्यावरणपूरक बांधकामाचा अर्थ आहे.

आपल्या आजोबांची घरे आठवा. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाची किंवा साजाची लाकडे, त्यावर बांबू आणि कवेलू. समोर सपरी, मागे परस, मधे आंगण. भिंत जाड का? मजबुतीसाठी तर आहेच, पण दुपारचे ऊन अशा भिंतीतून आत पोहोचायला दहा-बारा तास घेते. ते पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, बाहेर गारवा असतो, दारे उघडी असतात. चार-साडेचार इंचांचा सिमेंटचा स्लॅब असा धीर धरत नाही. दुपारी तापतो आणि नेमका आपण झोपायला जातो तेव्हा खाली आग ओकतो. मग कूलर, मग एसी. एसी आतली उष्णता बाहेर फेकतो, ती शेजाऱ्याच्या खिडकीत.

म्हणून सगळ्यांनी पुन्हा मातीची घरे बांधावीत असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ती सांभाळली त्यांना विचारा. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, आणि कवेलू फेरणारा माणूस आता शोधून सापडत नाही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पावसाळाभर घरात बादल्या ठेवायच्या. वाळवी आहे, उंदीर आहेत, पावसाच्या शिंतोड्यांनी भिंतीचा पाया खचतो. आणि सारवण! जुन्या घराचे कौतुक आपण पुरुष मंडळी फार करतो, पण ते घर दर आठवड्याला सारवायचे कोणी? समोर बसलेल्या आज्यांना विचारा, त्या हसताहेत. तेव्हा जुन्या घराची नक्कल नको, त्याची अक्कल घेऊ.

याचे एक उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. गोंदिया-नागपूरमार्गे वर्धा गाठले की सेवाग्राम येते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. घर बांधताना त्यांची अट होती की खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान व कारागीर जवळपासचेच असावेत. मीराबेन यांच्या देखरेखीखाली काम झाले. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती आधी मीराबेन यांचीच झोपडी होती. माती, बांबू, लाकूड, कवेलू, एवढ्यावर ती उभी आहे. भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. सहलीला जाल तेव्हा नुसते हात जोडून परत येऊ नका. पुढे आलेले छप्पर बघा, भोवतीची पडवी बघा, भिंतीला ऊन आणि पाऊस लागू नये याची तजवीज बघा. वर्ध्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक आहे, थोडा जास्तच.

गांधीजींच्या या विचाराचा धागा पुढे एका इंग्रज वास्तुशिल्पकाराने उचलला. लॉरी बेकर, जन्म १९१७, बर्मिंगहॅमचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आधी पिथौरागढ आणि मग केरळ, असे ते भारतातच राहिले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला ते गेले. त्यांनी विटा, चुना, जुनी कवेलू वापरून स्वस्त आणि देखणी कामे केली, आणि शिकवली. त्यातली दोन आपल्या सभागृहाला सरळ लागू पडतात, ती पुढे सांगतो.

वर्ध्यातच दत्तपूरला देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर पेल्यासारखी निमुळती कवेलू बनवली गेली. एकात एक घालत गेले की त्यांची कमान होते, आणि कमानीला कमान लावली की लोखंड आणि लाकडाशिवाय छप्पर तयार. आपल्या भागातले कुंभार आता दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्यातल्या माठांपुरते उरलेत. त्यांना असे काम मिळाले तर किती बरे होईल, पण आपल्या सभागृहावर हा प्रयोग करा असा आग्रह मी धरणार नाही. शिकलेला कारागीर जवळ नसताना डोक्यावरच्या छपरात प्रयोग करू नये.

सिमेंटविषयी थोडे बोलतो. चुनखडी भाजून क्लिंकर तयार होताना दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, शिवाय भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगात माणसाने हवेत सोडलेल्या या वायूत सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. सिमेंट सोडून द्या असे म्हणणारा सिव्हिलचा माणूस तुम्हाला भेटणार नाही. पण जिथे चुना-सुरखीने काम भागते तिथे ते कशाला ओतायचे? घरकुल योजनेचेच बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरचे घर असते, अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. योजना चांगली आहे, हजारो कुटुंबांना पक्के छप्पर मिळाले. केंद्र सरकारने त्यासाठी 'पहल' नावाने प्रादेशिक घरांच्या नमुन्यांचा संग्रहही काढला, त्यात माती, बांबू, कवेलू सगळे आहे. तरी गावात जाऊन पाहिले तर बहुतेक ठिकाणी एकच साचा: चार भिंती, सपाट स्लॅब, छोटी खिडकी. लोकांनाही तेच हवे असते. मातीची भिंत म्हणजे गरिबी, हे मनात पक्के बसले आहे. बाप्पा मातीचा हवा, भिंत मात्र नको!

आता आपल्या सभागृहाकडे येतो.

नकाशात पश्चिमेला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, पूर्ण काच दाखवली आहे. दिसायला सुंदर आहे, लग्नाच्या फोटोत उठून दिसेल. पण एप्रिल-मे हा आपला लग्नाचा हंगाम, आणि संध्याकाळी चार ते सहाचे ऊन त्या काचेतून सरळ वरमाईच्या डोळ्यांत. पश्चिमेचे ऊन आडवे येते, छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथे आठ फुटांची सपरी काढावी. चपला काढायला, गप्पा मारायला, पावसात थांबायला ती लागणारच आहे. दर्शनी भागाची शोभाही तीच होईल.

दक्षिणेच्या उन्हाचे गणित वेगळे आहे. आपण साधारण २२ अक्षांशावर आहोत. जूनच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दुपारी बारालाही जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला तर उन्हाळ्यात भर दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते, आणि थंडीत वरचा दोन फुटांचा भाग सोडून खाली ऊन आत येते. यंत्र नाही, वीज नाही. त्यासाठी इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून हवी. आपली जागा ४० बाय २५ बसेल एवढी आहे आणि लांबी पूर्व-पश्चिमच आहे. फुकटात मिळालेले हे सोडू नये.

बेकरांच्या दोन गोष्टी म्हणालो होतो. पहिली भिंतीची. विटा आडव्या न ठेवता उभ्या काठावर ठेवून मधे पोकळी सोडायची, तिला 'रॅट ट्रॅप' म्हणतात. नऊ इंचांचीच भिंत, पण साधारण पाव भाग विटा वाचतात, आणि मधली हवा उष्णता अडवते. मिस्त्रीला दोन दिवस समजावून सांगावे लागेल. दुसरी स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट फारसे भार घेत नाही, तिथे सळयांच्या मधल्या चौकोनात जुनी कवेलू बसवायची. काँक्रीट वाचते, वजन कमी होते, खालून नक्षी दिसते. आपल्या २५ फुटांच्या रुंदीला तुळया लागतीलच, तेव्हा हिशोब नीट काढून घ्यावा लागेल. वरून दर मार्चमध्ये फेव्हिकॉल मिसळलेल्या चुन्याचे दोन हात मारले की आत दोन-तीन अंशांचा तरी फरक पडतो. भिंतीच्या वरच्या बाजूला जाळी ठेवायची, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल.

पाण्याचे आकडे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. १००० चौरस फुटांच्या छपरावर आपल्या वर्षभराच्या पावसात सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारे सोडले तरी लाखभर लिटर उरते. आज ते नालीत जाते आणि मे महिन्यात आपण टँकर बोलावतो. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यायचे, नंतरचे वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत. जागेवरची विहीर बुजवून पार्किंग करायचा विचार चालू आहे असे कानावर आले. कृपा करून बुजवू नका.

आणखी एक. या उन्हाळ्यात आपल्या समाजातली दोन जुनी घरे पाडली गेली. शंभरेक वर्षे टिकलेले सागवान ट्रकमध्ये भरून बाहेर गेले, मिळाले ते भंगाराच्या भावाने. तशा चौकटी, दारे, खांब आणखी कोणाच्या घरी पडून असतील तर विकण्याआधी मंडळाला सांगा. सपरीचे सहा खांब आणि चार दारे निघाली तरी लाकडाचा मोठा खर्च वाचेल, आणि आपल्या वाडवडिलांच्या घराचा खांब सभागृहाला लागला असे नातवाला दाखवता येईल.

नकाशावर अंतिम निर्णय विसर्जनानंतरच्या सभेत आहे. त्याआधीच्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, जागेवर जमू या. कोपऱ्यातला कडुनिंब कुठे येतो ते मोजायचे आहे. नकाशात तो जिन्याच्या मधोमध येतो, आणि माझ्या अंदाजाने जिना चार फूट सरकवला तर झाड वाचते. टेप मी आणीन, टोक धरायला दोन पोरे पाठवा.