समुद्राकाठचं घर, जुलैच्या हिशेबाने

नोकरी मुंबईत आणि घर समुद्राकाठी हवं असेल, तर अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, जुलैतल्या मिनिटांत मोजावं. अलिबागचंच पाहा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट जाते, तासाभरात पोहोचवते. पण मांडव्याहून अलिबाग आणखी वीसेक किलोमीटर. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, समुद्र खवळला की रो-रोही थांबते. अटल सेतू आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याचा टोल रोज परवडायला हवा, आणि पुढे पेण, वडखळचा रस्ता उरतोच.

वसईचं गणित वेगळं. भुईगाव, रानगावला सुरूची बनं आहेत, खारा वारा खिडकीच्या लोखंडी जाळीला गंज चढवतो, इतका समुद्र जवळ. चर्चगेटला लोकलने तास-सव्वा तास लागतो. गर्दीचा आक्षेप खराच. रुळांवर पाणी साचतं, हेही खरं. पण ते दिवस मोजके, आणि गाड्या बारा महिने धावतात. म्हणून रोज जाणाऱ्याने वसई निवडावी, आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याने अलिबाग. विसार देण्याआधी भर पावसातल्या एखाद्या सोमवारी त्या घरापासून कचेरीपर्यंत एकदा जाऊन पाहा.