शिवायचा की बदलायचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल. डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलून गेल्यावर मिस्त्रीनं काय बोलावं? पण तो प्रश्न आपल्याच ग्रुपनं सोडवला. कॅनडात राहणाऱ्या आपल्या वर्गमित्रानं मागच्या हिवाळ्यात एक फोटो टाकला होता. बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबाइल, आणि तिचा फाटलेला रबरी पट्टा. खाली विचारलं होतं, "शिवू की बदलू?" तुम्ही सगळ्यांनी त्याला अंगठे पाठवले. मी फोन केला. कारण आपल्या नांदेड-लातूरच्या काळ्या रानात बर्फ नसला तरी तसाच पट्टा चेनच्या हार्वेस्टरला असतो, आणि तोच प्रश्न दर ऑक्टोबरात माझ्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहतो.

चेन म्हणतात, पण असतो तो रबराचाच. तो का लागतो, हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकलोय. सर पुढे बसलेत, म्हणून गणित करूनच सांगतो. मशीन तीन टनाचं धरा. पट्टा ४५ सेंटिमीटर रुंद, जमिनीला टेकलेली लांबी १७० सेंटिमीटर, असे दोन पट्टे. क्षेत्रफळ झालं १५,३०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम २०० ग्रॅम भार. शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या तळपायाखाली साधारण तेवढाच येतो. म्हणून चाकाचं हार्वेस्टर जिथं रुततं, तिथं चेनचं चालतं. बर्फातही हेच. क्विबेकच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी पट्ट्यावर चालणाऱ्या बर्फगाडीच्या यंत्रणेचं पेटंट १९३७ मध्ये घेतलं आणि १९५९ मध्ये त्यांची स्की-डू बाजारात आली. भुसभुशीत बर्फ आणि सप्टेंबरातली आपली काळी माती, दोन्हींत रुतायचं दुःख एकच.

आता मुद्द्याचं. पट्टा वरून रबर दिसतो, पण ओढ सोसतं ते रबर नव्हे. हार्वेस्टरच्या पट्ट्यात लांबीच्या दिशेनं पोलादी तारा असतात आणि आडवे लोखंडी तुकडे बसवलेले असतात. मशीनचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, त्या तुकड्यांना धरून पट्टा फिरवतं. त्यामुळे गिऱ्हाईक "वीतभर फाटलाय" म्हणालं की मी वीत मोजत नाही. चीर धुऊन, बोटानं फाकवून, टॉर्च मारून आत बघतो. नुसतं रबर कापलं असेल, बाहेरचे दोन-चार उंचवटे तुटले असतील, तर घासून, साफ करून, रबर चढवून काम होतं. तार दिसायला लागली, पण अखंड आहे, तर त्याच दिवशी बंद करायला हवं, कारण आत पाणी गेलं की गंज धरतो आणि तो वरून दिसत नाही. तारा तुटल्या असतील तर वरून कितीही पॅच मारा, ओढ सोसणारं काही उरलेलंच नसतं.

आपल्या तुकडीला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण दहावीत होतो. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं तिथल्या तिथंच दुरुस्त झाली. भेग गिलाव्याला आहे की भिंतीच्या दगडांत, हे बघायला तेव्हा आपण सगळेच शिकलो.

कॅनडाच्या मित्राला मी मात्र वेगळं उत्तर दिलं. त्याच्या पट्ट्यात कापडाचे थर आणि आडव्या फायबरग्लासच्या काड्या असतात. त्याची एक काडी मोडून बाहेर आली होती आणि शेजारी आरपार चीर होती. आपलं मशीन माणसाच्या चालीनं चालतं, त्याची गाडी ताशी शंभरच्या घरात जाते. शिवाय ती बंद पडणार ती गोठलेल्या जंगलात, घरापासून कोसभर लांब. त्याला म्हटलं, बाबा, बदल.

म्हणजे चिरेच्या आत काय तुटलंय हे एक, आणि पट्टा तुटेल तेव्हा मशीन कुठं असेल हे दुसरं. हे दुसरं २०२५ च्या मोसमात फार कठीण गेलं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला, ते तुम्हाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर जे सोयाबीन उभं राहिलं होतं, ते काढायची एकच घाई. वाळलेल्या शेंगा तडकतात, भिजल्या तर दाणा डागी पडतो, मग अडतीवर भाव पडतो.

लोह्याकडच्या एका तरुण मालकाचं मशीन आलं. डाव्या पट्ट्याच्या कडेला चीर, आतल्या काही तारा तुटलेल्या. डोक्यावर बँकेचा हप्ता, आणि पाच शेतकऱ्यांना शब्द दिलेला. तो म्हणाला, "काका, दहा दिवस निघतील असं करून द्या." तसं करून देणारे आहेत, पैसेही मिळतात. मी नवा पट्टा मागवायला लावला. पण तो यायला तीन दिवस होते. मग आम्ही पाचही शेतांची यादी केली. दोन रानं माळावरची, रस्त्यालगत, वाळलेली. तिथं जुन्याच पट्ट्यावर जा, टाकी अर्धी भरली की रिकामी कर, जागच्या जागी वळू नको. तुटलाच तर रस्त्याकडेला तुटेल. ओढ्याकाठच्या तिघांकडे नवा पट्टा आल्याशिवाय जायचं नाही. चिखलात भरल्या टाकीनं मशीन बसलं तर तेही अडकतं आणि बाहेर काढताना उभं पीकही तुडवलं जातं.

दुसऱ्या शेतात पट्टा तुटला. ओढ्याकाठचे तिघं मात्र थांबले. त्यातल्या एका आजोबांच्या बऱ्याच शेंगा तडकल्या, आणि त्यांनी वर्कशॉपवर येऊन मला चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. रान त्यांचं होतं, आणि माझ्या सांगण्यावरून ते थांबले होते. आजही तसं मशीन आलं तर मी तेच सांगेन. पण आजोबांना ते पटलं असेल, असं म्हणणार नाही.

शेतकरी मित्रांसाठी थोडं कामाचं. पट्ट्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४५०×९०×५१. रुंदी ४५० मिलिमीटर, लोखंडी तुकड्यांमधलं अंतर ९०, आणि तुकडे ५१. जुन्या पट्ट्यावर दहा अंतरं टेपनं मोजा. ९०० च्या बरंच पुढे गेलं, आणि ताण द्यायची सोय शेवटाला टेकली, तर पट्टा ताणलाय. चीर नसली तरी तो उतरत राहणार. स्प्रॉकेटचे दाते झिजून टोकदार झाले असतील तर तेही बदला, नाहीतर नवा पट्टा जुन्या दात्यांवर लवकर संपतो. एकच पट्टा बदलावा की जोडी, यावर आम्हा मिस्त्र्यांत भांडणं आहेत. माझं मत असं की दुसरा अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर जोडीच, नाहीतर मशीन एका अंगाला ओढतं. दिवाळीनंतर मशीन उभं करताना चिखल धुवा, पट्ट्यावर डिझेल-ग्रीस राहू देऊ नका आणि उन्हात ठेवू नका.

त्या तुटलेल्या पट्ट्याचा हातभर तुकडा मी सोबत आणलाय. मागच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. गंजलेल्या तारा कुठं संपतात आणि ताज्या तुटलेल्या कुठं सुरू होतात, ते नीट दिसतं. जेवणाआधी बघून घ्या, आणि मग हात साबणानं दोनदा धुवा.