अन्नभेसळ : कायद्याचे बळ आणि ग्राहकाचे कर्तव्य



अन्नातील भेसळ हा इतर गुन्ह्यांहून वेगळा गुन्हा आहे. चोरीस गेलेली वस्तू कधी ना कधी सापडू शकते. भेसळीचे अन्न मात्र पोटात गेले की त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. हळदीतील मेटॅनिल यलो हा रंग किंवा खाद्यतेलातील पिवळ्या धोतऱ्याचे तेल साध्या नजरेस ओळखू येत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याचे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पुणे शहराने जवळून पाहिल्या आहेत. येथील राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत अन्नाच्या नमुन्यांचे पृथक्करण होत आले असून, १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय अन्न प्रयोगशाळेचे कामही तिच्याकडे सोपविलेले होते. याच शहरात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. एकीकडे शास्त्र, दुसरीकडे जागृत ग्राहक; यांपैकी एक जरी नसेल तरी कायदा लंगडा पडतो.

१९५४ च्या कायद्याची जागा आता २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आहे. त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. नमुना घेण्याचा अधिकार केवळ सरकारी अधिकाऱ्यासच आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. या कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आपण पदार्थ तपासणीस देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगणे एवढी अट आहे. पदार्थ कायद्यातील मानकांस उतरला नाही, तर शुल्क परत मिळते आणि अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. पावती न घेणारा ग्राहक तक्रारीचा आधार स्वतःच गमावतो. वेष्टनावरील चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व वापराची मुदत वाचूनच खरेदी करावी. २०२२ पासून पावतीवरही हा क्रमांक छापणे विक्रेत्यांस बंधनकारक आहे. चार पैसे वाचविण्यासाठी घेतलेले सुटे तेल पुढे औषधपाण्याचा खर्च वाढविते. नुकसान झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क लागत नाही.

शिक्षकांनी वेष्टन वाचण्याचा एक पाठ वर्गात घ्यावा. पंचायत सदस्यांनी आठवडे बाजारातील विक्रेत्यांची नोंदणी झाली आहे की नाही, याची विचारपूस करावी. अधिकाऱ्यांनी तक्रार घेऊन आलेल्या माणसास पुढील मार्ग दाखवून द्यावा. अन्न निरीक्षक प्रत्येक दुकानात रोज उभा राहू शकत नाही. ग्राहक मात्र तेथे रोज जातो. त्याने पावती मागितली आणि शंका आल्यास तपासणीचा आग्रह धरला, तर पुरावा पोटात जाण्यापूर्वीच कायद्याच्या हाती लागेल.